शाळेला पैसा, पोरांना मैदान: मनपाच्या बजेटमध्ये आपली मागणी बसते कशी?

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्या ले-आऊटच्या समाजभवनात बैठक भरली होती. तीस-पस्तीस माणसं, त्यात बाया जास्त. विषय दोनच होते. वस्तीतल्या शाळेच्या दोन वर्गांत पावसाळाभर पाणी गळलं होतं, आणि शाळेमागच्या मोकळ्या जागेवर कुणीतरी गिट्टी-रेतीचे ढीग टाकून ठेवले होते. निवेदन लिहायचं ठरलं, सह्या सुरू झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "निवेदन तर आपण दर वर्षी देतो. फोटो निघते, पेपरात येते. मंग पैसा काऊन येत नाही?"

बैठकीत कुणालाच उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. माझी मुलगी त्याच शाळेत होती तेव्हा मी काही वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होतो, त्यामुळे अर्धं माहीत होतं. उरलेलं अर्धं नंतर मनपाचं अर्थसंकल्पाचं पुस्तक घेऊन रात्री-रात्री बसून समजून घेतलं. काकूंना जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. नागपूर महानगरपालिका 1951 साली झाली, तेव्हा शहराचा स्वतःचा वेगळा कायदा होता. आता तो रद्द होऊन राज्यातल्या इतर शहरांना लागू असलेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नागपूरलाही लागू आहे. त्यात कलम 63 आणि कलम 66 अशी दोन कलमं आहेत. 63 मध्ये महापालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं आहेत, म्हणजे बंधनकारक. 66 मध्ये महापालिकेला योग्य वाटलं तर करावीत अशी कामं आहेत, म्हणजे ऐच्छिक. प्राथमिक शाळा चालवणं, त्यांना पुरेशी जागा देणं हे 63 मध्ये येतं. बागा, खेळाची मैदानं, करमणुकीच्या जागा 66 मध्ये.

हा फरक बहुतेक निवेदनांमध्ये दिसतच नाही. आपण एकाच कागदावर "शाळा दुरुस्त करा, मैदान द्या, बाग द्या, ग्रीन जिम द्या" असं लिहितो. वाचणाऱ्या अधिकाऱ्यासाठी त्यातली एक गोष्ट कायद्यानं त्याच्या डोक्यावर आहे आणि बाकीच्या पैसा उरला तर करायच्या. पैसा कमी पडतो तेव्हा आधी ऐच्छिकावर कात्री लागते, आणि पैसा कमी पडतोच.

पण याला एक वाट आहे, आणि माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच. मुलांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा, ज्याला आपण आरटीई म्हणतो, 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. आपल्याकडे आरटीई म्हटलं की खाजगी शाळेतल्या 25 टक्के जागांचा फॉर्म एवढंच आठवतं. त्या कायद्याला शेवटी एक परिशिष्ट आहे. पहिली ते आठवीच्या शाळेत काय-काय असलंच पाहिजे याची ती यादी: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुला-मुलींना वेगवेगळी शौचालयं, पिण्याचं शुद्ध पाणी, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, ग्रंथालय, कुंपण, अपंग मुलाला अडथळ्याविना आत येता येईल अशी रचना. आणि त्याच यादीत खेळाचं मैदान आहे.

म्हणजे "वस्तीला मैदान द्या" अशी मागणी केली तर ती ऐच्छिक कामाची मागणी. "शाळेला मैदान द्या, शाळा सुटल्यावर ते वस्तीच्या पोरांना खुलं ठेवा" अशी मागणी केली तर ती कायद्याच्या परिशिष्टातली त्रुटी भरून काढण्याची मागणी. जागा तीच, पोरंही तीच. फक्त दुसऱ्या कागदाला "बघू" म्हणून बाजूला सारणं अवघड जातं. ज्या वस्त्यांमध्ये शाळेला लागून मोकळी जागा आहे तिथं तरी शाळा आणि मैदान या दोन वेगळ्या मागण्या करू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

शाळेची समिती, जिची ताकद पालकांनाच माहीत नसते

आरटीईच्या कलम 21 प्रमाणे प्रत्येक सरकारी, मनपाच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. समितीनं शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं आणि आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते तपासायचं. मनपाच्या शाळेत तिनं शाळा विकास आराखडाही करायचा. आणि कलम 22 म्हणतं की हाच आराखडा सरकारनं किंवा स्थानिक प्राधिकरणानं करायच्या योजनांचा आणि द्यायच्या अनुदानाचा आधार असेल.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. आम्ही समितीवर असताना आराखडा म्हणजे मुख्याध्यापकांनी भरून आणलेला छापील नमुना आणि त्यावर आमच्या सह्या. "पाणी टाकी: आवश्यक. खेळाचे साहित्य: आवश्यक." एवढंच. कुठली टाकी, किती लिटरची, कुठं बसवायची, अंदाजे किती रुपयांची, काही नाही. मुख्याध्यापिका बाईंना दोष देत नाही. त्यांच्याकडे एकाच वेळी वर्ग, आहाराची नोंदवही आणि ऑनलाइन माहिती भरणं असं सगळं होतं. चूक आम्हा पालकांची. आम्हाला तो कागद पैशाचा कागद वाटलाच नाही.

आता आमच्याकडे नव्या समितीनं काय केलं ते सांगतो. एका शनिवारी दुपारी चार आया आणि दोन बाप टेप घेऊन शाळेत गेले. मुलींच्या शौचालयाची दारं मोजली. तीनपैकी एकालाच आतून कडी. नळ होते, पण वरच्या टाकीची जोडणी तुटलेली, त्यामुळे मुली बादली भरून नेत होत्या. बादली एकच, आणि ती मधल्या सुट्टीत आहाराची भांडी धुवायला जायची. म्हणून पाचवी-सहावीच्या मुली शाळेत पाणीच कमी पीत. हे एका मुलीनं आपल्या आईला तिथंच, सगळ्यांसमोर, खाली मान घालून सांगितलं. नागपूरच्या मार्च-एप्रिलमध्ये पोरगी दिवसभर पाणी न पिता बसते, याचा अर्थ समजायला डॉक्टर लागत नाही.

त्या दिवशीच्या कागदावर दोन दारांच्या कड्या, टाकीची जोडणी, दोन बादल्या आणि एक मग्गा एवढं लिहिलं गेलं. पुढं एक ओळ: मागची भिंत 18 फूट पडलेली, त्यातून ट्रॅक्टर आत येतात, म्हणून मैदान मैदान राहत नाही. आराखड्यात लिहायचं ते असं.

यातली बरीच कामं मोठ्या बजेटची वाट बघायच्या लायकीचीही नाहीत. समग्र शिक्षा या योजनेतून शाळांना पटसंख्येप्रमाणे वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. 31 ते 100 मुलं असतील तर 25 हजार, 101 ते 250 असतील तर 50 हजार, 251 ते 1000 असतील तर 75 हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हावा असं योजनेतच आहे. खेळाच्या साहित्यासाठी वेगळी रक्कम असते, प्राथमिक शाळेला 5 हजार आणि उच्च प्राथमिकला 10 हजारांपर्यंत. रक्कम लहान आहे, पण कडी, जोडणी, बादली, चेंडू, उडीची दोरी त्यात सहज बसतात. समितीच्या बैठकीत "या वर्षी अनुदान किती आलं, त्यातून काय घेतलं" हा प्रश्न विचारायचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

बजेटचं पुस्तक उघडल्यावर

आता मोठा पैसा. मनपाची तिजोरी भरते कशी? पूर्वी जकात होती, मग 2013 पासून एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, आणि 2017 साली जीएसटी लागू झाल्यावर ते उत्पन्न गेलं. त्याच्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाईचं अनुदान देतं. तो आजचा सगळ्यात मोठा आधार. त्यानंतर मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क, आणि केंद्र-राज्याच्या योजनांची अनुदानं.

मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कर अशी ओळ असते. लोक म्हणतात, "शिक्षणाचा कर भरतो, मग शाळेला पैसा का नाही?" राज्य शासनाचा म्हणून जो शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो, तो 1962 च्या राज्याच्या कायद्यानुसार आहे. मनपा तो गोळा करून राज्याकडे भरते. तो आपल्या वस्तीतल्या शाळेच्या नावानं बाजूला ठेवलेला नसतो.

अर्थसंकल्पाचं पुस्तक मराठीत असतं आणि मनपाच्या संकेतस्थळावर मिळतं. जाडजूड पुस्तक बघून घाबरायचं काही कारण नाही. त्याचे दोन भाग मनात ठेवा. एक महसुली खर्च: पगार, वीज, डागडुजी, गणवेश, पुस्तकं, रखवालदार. दुसरा भांडवली खर्च: नवी इमारत, नवी खोली, कुंपण, नवं मैदान. प्रत्येक प्रकारच्या खर्चाला एक लेखाशीर्ष असतं, ज्याला तिथले बाबू "हेड" म्हणतात. तुमची मागणी कुठल्या हेडमध्ये बसते हे तुम्हाला सांगता आलं, तर समोरच्या माणसाचा बोलण्याचा सूरच बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

हेडच्या पुढं रकाने असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची प्रस्तावित तरतूद. आपण वर्तमानपत्रात वाचतो तो फक्त शेवटचा रकाना. "शाळांसाठी इतके कोटी!" असा मथळा येतो आणि आपल्याला बरं वाटतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, "प्राथमिक शाळा इमारत दुरुस्ती" या हेडपुढं चालू वर्षाची तरतूद 2 कोटी लिहिली आहे. शेजारी सुधारित अंदाज 90 लाख आहे. मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च 70 लाख. आणि पुढच्या वर्षासाठी प्रस्तावित अडीच कोटी. मथळा होईल "शाळा दुरुस्तीसाठी अडीच कोटी". पण खरी गोष्ट मधल्या रकान्यात आहे: 2 कोटी ठेवले होते आणि वर्षाच्या मध्यावर मनपानंच कबूल केलं की 90 लाखांवर खर्च जाणार नाही. उरलेले 1 कोटी 10 लाख दुसरीकडे वळले किंवा मुळात आलेच नाहीत.

म्हणून "तरतूद वाढवा" ही मागणी अर्धवट आहे. आधी विचारायचं, "ठेवलेला पैसा खर्च का झाला नाही?" या प्रश्नाची उत्तरं बहुतेक वेळा तीन असतात. उत्पन्न अपेक्षेइतकं आलं नाही. किंवा मागच्या वर्षीच्या कामांची बिलं थकली होती, तीच या वर्षीच्या तरतुदीतून फेडली. याला तिथं "दायित्व" म्हणतात आणि नव्या कामांचा घास बहुतेक वेळा दायित्वच खातं. किंवा कामाची फाईल वेळेत तयार झाली नाही. या तिसऱ्या कारणावर नागरिकांचा हात पोहोचतो.

शिक्षणाच्या बजेटचा मोठा वाटा पगारांवर जातो, आणि त्यात काही वावगं नाही. शिक्षकाशिवाय शाळा म्हणजे नुसती इमारत. त्यातला काही भाग राज्याच्या अनुदानातून येतो. शिक्षकांची पदं मात्र पटावर ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. आरटीईप्रमाणे पहिली ते पाचवीत 30 मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीत 35 मागे एक. इथं एक वाईट चक्र फिरतं. वर्ग गळतो, नळाला पाणी नसतं, म्हणून परवडत नसतानाही आई-बाप पोराला वस्तीतल्या कॉन्व्हेंटमध्ये टाकतात. पट घटतो. पद कमी होतं. एका शिक्षकाकडे दोन वर्ग येतात, ते बघून आणखी चार पोरं जातात. नागपुरात मनपाच्या कितीतरी शाळा अशाच पटाअभावी बंद झाल्या किंवा शेजारच्या शाळेत मिसळल्या. मराठीच्या गेल्या, हिंदीच्या गेल्या, उर्दूच्याही गेल्या. शाळा बंद होते तेव्हा वस्तीतलं एकमेव कुंपण असलेलं मैदानही जातं, हे फारसं कुणी मोजत नाही. बंद शाळेच्या जागेचं पुढं काय करणार, हा प्रश्न प्रत्येक वस्तीनं लेखी विचारला पाहिजे.

जागा कुणाची? नागपुरातला सगळ्यात अवघड प्रश्न

मैदानाच्या बाबतीत पैशाआधी जागा येते. पुण्या-नाशिकपेक्षा नागपुरात हा गुंता मोठा आहे, कारण इथं मनपाबरोबर नागपूर सुधार प्रन्यास आहे. 1936 च्या कायद्यानं आलेली ही संस्था, आपण तिला एनआयटी किंवा नासुप्र म्हणतो. शहरातले कितीतरी ले-आऊट तिनं पाडले किंवा मंजूर केले. शिवाय मंजुरीविना पडलेले ले-आऊट आहेतच; 572 ले-आऊट, 1900 ले-आऊट ही त्यांच्या गटांची नावं दक्षिण आणि पूर्व नागपुरातल्या माणसाला तोंडपाठ आहेत. आधी प्लॉट विकले गेले, घरं झाली, मग गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्याखाली ती नियमित करण्याचं काम सुरू झालं. अशा वस्त्यांमध्ये नकाशावर मोकळी जागा दिसते. प्रत्यक्षात तिथं कधी मंदिर असतं, कधी कुणाचा गोठा, कधी ट्रक.

आज नियम असा आहे की 4 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा ले-आऊट पाडला तर 10 टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. जुन्या ले-आऊटमध्ये ती कुठं आणि किती होती हे मंजूर नकाशात असतं. तो नकाशा मिळवणं हे पहिलं काम. दुसरं, त्या जागेची आखीव पत्रिका काढणं. तिच्यावर मालक कोण ते कळतं: मनपा, नासुप्र, राज्य शासन, की अजून मूळ शेतमालकच. जागा नासुप्रकडे असेल आणि मनपाला हस्तांतरित झाली नसेल, तर मनपाचा अभियंता तिथं एक विटही लावू शकत नाही. त्यानं "आमच्या अधिकारात नाही" म्हटलं तर तो टाळत असेलच असं नाही. अशा वेळी मागणी बदलावी लागते: आधी हस्तांतरण मागायचं, विकासकाम नंतर.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे विकास आराखड्यातलं आरक्षण. नागपूरचा सुधारित विकास आराखडा 2000 साली मंजूर झाला. त्यात शाळा, मैदान, बाग यांच्यासाठी खाजगी जमिनींवर आरक्षणं टाकलेली आहेत. लोकांना वाटतं, आरक्षण आहे म्हणजे जागा आपली. तसं नसतं. प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या, म्हणजे एमआरटीपीच्या कलम 127 प्रमाणे आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस, म्हणजे "जमीन विकत घ्या, नाहीतर सोडा" अशी नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत ताब्यात घेण्याच्या दिशेनं पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. मैदान कागदावरूनही जातं आणि तिथं फ्लॅट स्कीम उभी राहते. तुमच्या वस्तीत आरक्षित जागा असेल तर माहिती अधिकारात एवढंच विचारा: या जागेवर खरेदी नोटीस आली आहे का, कधी आली, आणि त्यावर काय केलं? अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यायचं असतं. वेळेत विचारलेल्या या एका प्रश्नानं जे होतं ते नंतरच्या मोर्चानं होत नाही.

कधी मागायचं

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. आपण निवेदनं देतो बहुधा जूनच्या शेवटी, कारण विदर्भात उन्हामुळे शाळा तेव्हा उघडते आणि पहिल्या पावसात वर्ग गळायला लागतो. पण तोपर्यंत त्या वर्षाचा पैसा वाटून झालेला असतो. जूनच्या निवेदनावर अधिकारी खरोखर "पुढच्या वर्षी बघू" एवढंच म्हणू शकतो.

पुढच्या वर्षाची आकडेमोड हिवाळ्यात सुरू होते. शहरात दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी. प्रभाग समिती झोन पातळीवर असते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29-अ प्रमाणे आपल्या भागातल्या कामांच्या खर्चाचे अंदाज आयुक्तांकडे जाण्याआधी त्यांच्यावर विचार करून शिफारस करणं हे तिच्या कामांत आहे. तिथून आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं ठेवतात. स्थायी समिती 16 जणांची. ती त्यात फेरबदल करते आणि मग सर्वसाधारण सभा, म्हणजे आपली आमसभा, ते मंजूर करते.

मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासक होते. त्या काळात आयुक्तच मांडणारे आणि आयुक्तच मंजूर करणारे. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनं 151 नगरसेवक पुन्हा आले आहेत. म्हणजे आता पुन्हा विचारायला माणूस आहे. एका प्रभागात चार-चार नगरसेवक असतात, आणि एकाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. म्हणून अर्ज चौघांच्याही नावे एकाच कागदावर द्यावा. शिक्षण समितीचे आणि क्रीडा समितीचे सभापती यांनाही प्रत द्यावी.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळेचा आराखडा आणि जागेचे कागद तयार ठेवले, तर ते झोनमधून वर सरकण्याच्या वेळेला हातात असतात. त्याच काळात चालू वर्षाचा सुधारित अंदाजही ठरत असतो. एखाद्या हेडमध्ये पैसा पडून असेल तर "यातून आमचं 18 फूट कुंपण करा" असं सांगायची तीच वेळ.

पुण्यात 2006 पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातली लहान कामं थेट बजेटसाठी सुचवायची पद्धत आहे. एका कामाला 5 लाखांची मर्यादा ठेवून ती सुरू आहे. तीही परिपूर्ण नाही. पण ठरलेला फॉर्म असतो, ठरलेली तारीख असते, आणि माणसाला कळतं की आपलं काम यादीत आलं की नाही. नागपूरनं असा ठरलेला फॉर्म आणि तारीख दर वर्षी ठेवावी, ही मागणी एकट्या वस्तीची नको, सगळ्या झोनमधून एकत्र गेली पाहिजे.

बजेटमध्ये ओळ आली म्हणजे काम झालं, असंही समजू नका. त्यानंतर जागेची पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश. फाईल नेमकी कुठल्या टेबलावर आहे हे महिन्यातून एकदा जाऊन विचारणारा एक माणूस वस्तीनं नेमावा. आमच्याकडे हे काम एका निवृत्त पोस्टमन काकांनी घेतलं आहे. ते भांडत नाहीत. वहीत तारीख, टेबल आणि साहेबांचं म्हणणं लिहून आणतात. त्या वहीमुळे काय झालं ते पुढच्या वेळी सांगेन, फाईल अजून फिरते आहे.

मनपाबाहेरही काही दारं आहेत. खासदार निधी वर्षाला 5 कोटी, आमदार निधीही 5 कोटी, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आणि क्रीडा विभागाची क्रीडांगण विकास अनुदान योजना, जिचा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जातो. ही दारं जरूर ठोठवा, पण एक लक्षात ठेवा. हा पैसा टिकाऊ काम उभं करण्यासाठी असतो. माळी, रखवालदार, गवत कापणं, तुटलेला झोका बदलणं यासाठी नसतो. शहरातल्या बागांमध्ये मोडकी ग्रीन जिम दिसते ती याचमुळे. आणून बसवायला निधी होता, ग्रीस लावायला हेड नव्हतं. म्हणून बाहेरच्या निधीतून काही मागताना त्याच दिवशी मनपाकडे दुसरा कागद द्या: या वस्तूच्या देखभालीची महसुली तरतूद कुठल्या हेडमधून करणार?

निवेदनासोबत काय जोडावं याबद्दल शेवटचं. प्रत्येक शाळेला यूडायसचा, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीचा 11 आकडी क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो 27 ने सुरू होतो. त्यावरून शाळेत मैदान आहे का, शौचालयं किती चालू आहेत, याची शाळेनंच भरलेली माहिती ऑनलाइन दिसते. ती आणि तुमची टेपची मोजमापं जुळत नसतील तर तो फरक कागदावर लिहा, कुणावर आरोप न करता. मैदानासाठी पोरं मोजा. आमच्याकडच्या दोन कॉलेजातल्या मुलींनी एका आठवड्यात रोज संध्याकाळी साडेपाच ते सात, रस्त्यावर खेळणारी पोट्टी-पोट्टे मोजले, वयानुसार. तेव्हा एक गोष्ट दिसली जी आम्हाला रोज दिसत असूनही कळली नव्हती. बारा वर्षांवरच्या मुली जवळपास नव्हत्याच. कुंपण आणि दिवा नसलेल्या जागेत आया त्यांना पाठवत नाहीत. म्हणून मागणीत दिव्याचे दोन खांब वाढले.

काकूंच्या सहीनं गेलेल्या नव्या अर्जातला मुख्य भाग असा होता. ज्यांना उपयोगी पडेल त्यांनी आपला मजकूर घालून वापरावा:

"प्रति, सहायक आयुक्त, झोन कार्यालय. विषय: शाळेच्या मैदानाचे कुंपण व मुलींच्या शौचालयाची पाणी जोडणी, पुढील आर्थिक वर्षात तरतूद करणेबाबत. शाळेचा यूडायस क्रमांक सोबत. जागेची आखीव पत्रिका व मंजूर ले-आऊटचा नकाशा सोबत. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून मंजूर केलेला शाळा विकास आराखडा सोबत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार मैदान व कुंपण ही शाळेची आवश्यक बाब आहे. पडलेली भिंत 18 फूट. दिव्याचे खांब 2. शाळेच्या वेळेनंतर मैदान सायंकाळी 7 पर्यंत वस्तीतील मुला-मुलींसाठी खुले ठेवावे, त्यासाठी चावीची जबाबदारी समिती घेण्यास तयार आहे. हे काम कोणत्या लेखाशीर्षाखाली प्रस्तावित केले, ते लेखी कळवावे. प्रत: प्रभागातील चारही नगरसेवक, शिक्षणाधिकारी, मुख्य लेखा व वित्त अधिकारी."

दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती घरी आणा.